मशिदीत एक रांग, सोयरिकीत अनेक

मिरज, कराड, बार्शी किंवा सोलापूर. यांपैकी कोणत्याही गावच्या पेठेतून एक फेरी मारली, की दुकानांच्या पाट्याच मुस्लिम समाजाची घडण सांगू लागतात. फळांच्या आडतीवर बागवान, अत्तर-उदबत्तीच्या दुकानावर अत्तार, पानाच्या दुकानावर तांबोळी, गादी कारखान्यावर पिंजारी किंवा नदाफ, बांगड्यांच्या दुकानावर मण्यार, चाकूसुऱ्यांना धार लावणाऱ्याच्या पाटीवर शिकलगार. दर्ग्याशेजारी मुजावरांची घरे, आणि गावात जुना वाडा असलाच तर तो काझींचा किंवा इनामदारांचा. आज यातल्या अनेकांचे धंदे बदलले आहेत. बागवानाचा मुलगा पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत असतो, पिंजाऱ्याची मुलगी डी.एड. करून जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आडनाव मात्र तेच राहते आणि आडनावाबरोबर जमातही राहते.

शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजाला हे सगळे खांद्याला खांदा लावून उभे राहतात. त्या रांगेत कोणी कोणाला मागे सारत नाही, आणि ही गोष्ट थोडी नव्हे. ईदचा शीरखुर्मा या घरातून त्या घरात जातो. रोटीव्यवहार महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी मोकळा आहे. बेटीव्यवहाराची गोष्ट निघाली, की मग चित्र पालटते. मोबाइलवर फिरणारे स्थळांचे बायोडाटा पाहावेत. उंची, रंग, शिक्षण, नोकरी, ‘सुन्नी’ हे सगळे लिहून झाल्यावर शेवटी अपेक्षांच्या ओळीत येते: ‘शेख, सय्यद, पठाण चालेल’. चालणार कोण हे लिहिले, की चालणार कोण नाही हे आपोआप कळते. पिंजाऱ्याने, फकिराने किंवा कसाब घरातल्या मुलाने त्या स्थळाला फोन करायचा नाही, एवढे त्या एका ओळीत सांगून झालेले असते.

या वस्तुस्थितीबद्दल दोन टोकांची माणसे एकच वाक्य बोलतात. ‘इस्लाममध्ये जात नाही’ असे मौलाना मिंबरवरून सांगतात, आणि नेमके तेच सरकार न्यायालयात सांगते. मौलानांना धर्माचा बचाव करायचा असतो, सरकारला सवलतींची यादी वाढू द्यायची नसते. दोघांच्या वाक्याचा परिणाम मात्र एकाच ठिकाणी होतो: मुस्लिम समाजातल्या सर्वांत खालच्या थरातील माणसाच्या ताटातला घास जातो.

धर्मग्रंथ काय सांगतो, याबद्दल वाद नाही. जन्मावरून कोणी श्रेष्ठ ठरत नाही, हे कुराणात आहे. अरबाला अरबेतरावर आणि गोऱ्याला काळ्यावर वरचढपणा नाही, असे पैगंबरांनी अखेरच्या हजच्या प्रवचनात सांगितल्याची परंपरा आहे. पहिली अजान देण्याचा मान बिलाल या गुलामीतून मुक्त झालेल्या हबशाला मिळाला, तो ज्या समाजात गुलामांची बाजारात विक्री होत असे त्या समाजात. ही शिकवण खरी आहे आणि तिचे मोल मोठे आहे. पण शिकवण आणि समाज या दोन गोष्टी आहेत. हिंदू संतांनी विठ्ठलाच्या वाळवंटात भेदाभेद अमंगळ ठरवला म्हणून गावकुसाबाहेरचा महारवाडा गावात आला नाही. मग इस्लामच्या समतेच्या शिकवणीमुळे भारतातल्या मुस्लिमांची जात आपोआप विरघळली असेल, असे मानायला आधार काय?

इतिहास तर उलटीच साक्ष देतो. चौदाव्या शतकातला झियाउद्दीन बरनी हा दिल्लीच्या सुलतानांच्या काळचा नामवंत इतिहासकार. त्याने ‘फतावा-इ-जहाँदारी’ या ग्रंथात सुलतानाला जो उपदेश केला आहे, त्यात हलक्या कुळातल्यांना लिहायला-वाचायला शिकवू नये, त्यांना अधिकाराच्या जागी बसवू नये, असे स्पष्ट मांडले आहे. पुढे पाचशे वर्षांनी, १८८७ साली लखनौच्या भाषणात सर सय्यद अहमद खान यांनी व्हाइसरॉयच्या कौन्सिलमध्ये हलक्या कुळातला माणूस, मग तो पदवीधर का असेना, बसलेला खानदानी लोकांना रुचणार नाही असा मुद्दा मांडला. अलीगढच्या शिक्षणसंस्थेचे ऋण मान्य करूनही हे नोंदवायला हवे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून उत्तर भारतात घरोघर वाचल्या गेलेल्या मौलाना अशरफ अली थानवींच्या ‘बहिश्ती जेवर’मध्ये विवाहातील ‘कुफू’चा, म्हणजे वधूवरांच्या बरोबरीचा विचार आहे. त्या बरोबरीत वंश आणि व्यवसाय दोन्ही मोजले आहेत. नववधूला आंदण म्हणून जे पुस्तक दिले जात असे, त्यातच कोणाचे घर कोणाच्या तोलाचे नाही हे लिहिलेले होते.

१९०१ च्या बंगालच्या जनगणना अहवालात मुस्लिमांचे अश्रफ, अजलाफ आणि अरजल असे तीन थर नोंदवले गेले. अश्रफ म्हणजे परदेशी वंशाचा दावा करणारे सय्यद, शेख, मुघल, पठाण आणि उच्चवर्णीय हिंदूंतून धर्मांतरित झालेले. अजलाफ म्हणजे विणकर, पिंजारी, न्हावी, शिंपी असे कारागीर. अरजल म्हणजे लालबेगी, हलालखोर यांच्यासारखे, ज्यांच्याशी इतर मुस्लिम व्यवहार ठेवत नसत आणि ज्यांना मशिदीत व सार्वजनिक दफनभूमीत मज्जाव होता असे लोक. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाकिस्तानच्या प्रश्नावरील आपल्या ग्रंथात हाच अहवाल पुढे ठेवून मुस्लिम समाजातील जातिभेदाची चर्चा केली. त्या ग्रंथाचा आधार घेऊन मुस्लिमांवर टीका करणारे पुष्कळ भेटतात. ती पाने वाचून अरजलांच्या हक्कांची मागणी करणारे फार थोडे.

महाराष्ट्राचे चित्र उत्तर भारतापेक्षा वेगळे आहे आणि ते वेगळेपण समजून घेतले पाहिजे. इथला बहुसंख्य मुस्लिम गावगाड्यातला माणूस आहे. ग्रँट डफने मराठ्यांच्या इतिहासात बलुतेदारांची जी यादी दिली, तीत मुलाणा आहे. इतर काही याद्यांत तो अलुतेदारांत येतो, आणि तांबोळीही तिथे दिसतो. बकरे हलाल करणे हे मुलाण्याचे काम आणि त्याबद्दल खळ्यावर धान्याचा हक्क. म्हणजे गावाच्या व्यवस्थेने त्याला धर्माने ओळखले त्याहून अधिक कामाने ओळखले. धर्म बदलला तरी चरखा, माग, धुनकी, सुरी, भाता हातातच राहिले, आणि त्या हत्यारांबरोबर गावातली पायरीही राहिली. भिवंडी आणि मालेगावचे मोमीन हे वेगळे प्रकरण. १८५७ च्या उठावानंतर उत्तर प्रदेशातल्या विणकर वस्त्यांतून आलेल्या या कुटुंबांनी दोन गावांची यंत्रमागनगरे केली. मालेगावात आजही निवडणूक आली की मोमीन किती, दख्खनी किती हा हिशेब कार्यकर्त्यांच्या तोंडी असतो. ज्यांना मुस्लिम मतपेढी एकगठ्ठा वाटते त्यांनी तिथल्या चहाच्या टपरीवर तासभर बसून पाहावे.

अस्पृश्यतेचे काय? तीही पुस्तकातच उरली आहे असे नाही. प्रशांत त्रिवेदी, श्रीनिवास गोली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑक्टोबर २०१४ ते एप्रिल २०१५ या काळात उत्तर प्रदेशच्या १४ जिल्ह्यांत सात हजारांहून अधिक घरांची पाहणी केली. लग्नाच्या जेवणाचे बोलावणे येत नाही, आले तर वेगळे बसवतात, इतरांचे आटोपल्यावर वाढतात, असे दलित मुस्लिमांनी सांगितले. सुमारे ८ टक्के जणांनी आपल्या मुलांना वर्गात आणि शाळेतल्या जेवणाच्या वेळी वेगळ्या रांगेत बसवतात असे सांगितले. किमान एक तृतीयांश लोक म्हणाले, की उच्च जातींच्या दफनभूमीत आमचा माणूस पुरू देत नाहीत. ज्या धर्मात मेल्यावर राजा आणि भिकारी एकाच पांढऱ्या कफनात जातात, त्या धर्माच्या अनुयायांमध्ये कबरीच्या जागेवरून जात विचारली जाते. यापेक्षा मोठा पुरावा कोणता हवा?

संख्येचा प्रश्नही तितकाच बोलका आहे. सच्चर समितीने २००६ च्या अहवालात २००४-०५ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीचे आकडे दिले. त्यानुसार देशातल्या मुस्लिमांपैकी ४०.७ टक्के स्वतःला ओबीसी म्हणवतात. बिहार सरकारने २०२३ मध्ये जातगणना जाहीर केली तेव्हा राज्याच्या लोकसंख्येत मुस्लिम १७.७ टक्के निघाले. त्यात शेख ३.८, पठाण ०.७५ आणि सय्यद जेमतेम ०.२३ टक्के. तिन्ही मिळून पाच टक्क्यांच्याही आत. उरलेले सुमारे १३ टक्के म्हणजे मोमीन, धुनिया, राईन, सुरजापुरी आणि इतर मागास जमाती. थोडक्यात, बिहारमधल्या दर चार मुस्लिमांत साधारण तिघे मागास. आता प्रतिनिधित्व पाहावे. पहिल्या ते चौदाव्या लोकसभेपर्यंत साधारण ४०० मुस्लिम खासदार निवडून गेले, त्यात अश्रफ ३४० आणि मागास मुस्लिम केवळ ६०, असा हिशेब मागास मुस्लिमांच्या चळवळीचे अभ्यासक मांडतात. मुस्लिमांना राजकारणात वाटा मिळत नाही ही तक्रार शंभर टक्के खरी आहे. जो मिळतो तो कोणाच्या घरी जातो, हा प्रश्नही तितकाच खरा आहे आणि तो विचारण्याची हिंमत मुस्लिम नेतृत्वाने आजवर दाखवलेली नाही.

हा प्रश्न विचारणारे मात्र शंभर वर्षांपासून आहेत. बिहार शरीफचे अली हुसेन आसिम बिहारी यांनी विणकरांना संघटित करून मोमीन चळवळीचा पाया घातला. त्यांच्यानंतर अब्दुल कय्यूम अन्सारींच्या नेतृत्वाखाली मोमीन कॉन्फरन्सने मुस्लिम लीगला आणि द्विराष्ट्र सिद्धांताला उघड विरोध केला. १९४६ च्या निवडणुकीत लीग बहुसंख्य मुस्लिम जागा जिंकली, हे सगळ्यांना ठाऊक असते. त्या निवडणुकीत मताचा अधिकार मालमत्ता, कर आणि शिक्षण यांवर अवलंबून होता, म्हणून विणकर, पिंजारी, भिस्ती यांतल्या बहुसंख्यांना तो नव्हताच, हे फारसे सांगितले जात नाही. फाळणीचे खापर सरसकट मुस्लिमांच्या माथी फोडताना या मत नसलेल्यांचा विचार व्हायला हवा. स्वातंत्र्यानंतर हाच धागा १९९० च्या दशकात बिहारमध्ये एजाज अली आणि अली अन्वर यांनी पुन्हा हाती घेतला. अली अन्वर यांनी १९९८ मध्ये पसमांदा मुस्लिम महाज स्थापन केला आणि मागे राहिलेल्या मुस्लिमांसाठी ‘पसमांदा’ हे नाव देशभर रुजले.

स्वातंत्र्यानंतरच्या काळात महाराष्ट्र या बाबतीत बिहारच्याही आधी जागा झाला होता, हे इथल्या वाचकाला अभिमानाने सांगायला हवे. हमीद दलवाई यांनी २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापले. त्यांच्या लढ्याचा भर तलाक आणि स्त्रियांच्या हक्कांवर होता. जातीचा प्रश्न जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस हाती घेतला. मुस्लिम ओबीसी संघटना घेऊन ते जिल्ह्या-जिल्ह्यांत फिरले. त्यांना विलास सोनवणे यांच्यासारख्या डाव्या विचारांच्या कार्यकर्त्यांची साथ मिळाली. सोलापूरचे प्रा. फकरुद्दीन बेन्नूर मुस्लिम समाजाच्या रचनेवर मराठीतून लिहीत राहिले. अभिनेते दिलीपकुमार या चळवळीच्या सभांना येऊ लागले. पेशावरच्या फळव्यापाऱ्याच्या घरातला हा मुलगा मागासांच्या व्यासपीठावर बसला, तेव्हा ज्यांना आपली जमात सांगायची लाज वाटत असे त्यांची मान ताठ झाली. मंडल आयोगाने हिंदूंबाहेरच्या मागास जमातीही मोजल्या होत्या, आणि १६ नोव्हेंबर १९९२ च्या इंद्रा साहनी निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले होते. त्याच्या बळावर डिसेंबर १९९४ मध्ये, शरद पवार मुख्यमंत्री असताना, राज्य सरकारने मुस्लिम ओबीसींचा मार्ग मोकळा करणारा निर्णय काढला. नगरपालिकांत आणि पंचायतींत बागवान, कुरेशी, मोमीन उमेदवार इतर मागासवर्गाच्या जागेवरून निवडून येऊ लागले ते त्यानंतर.

निर्णय झाला. दाखला मिळणे हे मात्र वेगळेच दिव्य आहे.

तालुक्याच्या गावात बारावी झालेली पिंजारी घरातली मुलगी अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी जातीचा दाखला काढायला सेतू केंद्रात जाते तेव्हा काय होते ते पाहावे. तिच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर धर्म आणि जातीच्या रकान्यात नुसते ‘मुसलमान’ लिहिलेले असते. वडिलांच्या दाखल्यावर ‘इस्लाम’. आजोबा शाळेत गेलेच नव्हते. नियम असा, की इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा जातीचा पुरावा हवा. मग चुलत आजोबांचा दाखला शोधायचा, मोडी वाचणारा माणूस शोधायचा, तहसीलच्या अभिलेख कक्षातून गाव नमुना चौदाची, म्हणजे जुन्या जन्म-मृत्यू नोंदींची, नक्कल मागायची. त्या नकलेत कधी काळी कोणी तरी नावापुढे ‘पिंजारी’ असे लिहून ठेवले असेल तर नशीब. तेही मिळाले, प्रांताकडून दाखला आला, तरी पुढे जात पडताळणी समितीसमोर ‘तुमचे आडनाव शेख, मग तुम्ही पिंजारी कसे?’ या प्रश्नाचे उत्तर द्यायचेच. तोवर प्रवेशाची मुदत संपत आलेली असते.

हे का घडले? गुरुजींनी शाळेत नाव घालताना विचारले नाही आणि बापाने सांगितले नाही. गुरुजींच्या लेखी मुसलमान हीच जात होती, आणि बापाला मशिदीत ऐकलेले खरे वाटत होते, की आपल्यात जात नसते. शिवाय वरच्या पायरीची ओढही होतीच. विणकर अन्सारी झाले, कसाई कुरेशी झाले, पिंजारी मन्सुरी झाले, आणि पुष्कळ जण कागदोपत्री सरळ शेख झाले. अपमान टाळण्यासाठी माणूस नाव बदलतो, त्यात त्याला दोष देता येत नाही. पण त्या बदललेल्या नावामुळे तिसऱ्या पिढीतल्या मुलीचा दाखला अडतो, हेही तितकेच खरे. जिल्हाधिकाऱ्यांनी शाळांत शिबिरे घेऊन मुस्लिम विद्यार्थ्यांच्या जातीच्या नोंदी दुरुस्त करून द्यायला एक रुपयाचा नवा निधी लागत नाही. इच्छा लागते.

ओबीसींचा प्रश्न निदान कायद्याच्या चौकटीत आहे. दलित मुस्लिमांना चौकटच नाही. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातील तिसऱ्या परिच्छेदाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. दोन्ही दुरुस्त्या न्याय्यच होत्या. शीख धर्मात जात नाही, बौद्ध धम्मात तर मुळीच नाही. तरीही संसदेने मानले, की धर्म बदलला म्हणून पिढ्यान्‌पिढ्यांचे जातीचे ओझे उतरत नाही. मग तोच न्याय मुस्लिम आणि ख्रिस्ती दलितांना लावायला कोणता तर्क आड येतो?

महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत भंगी, मेहतर, रुखी यांच्याच ओळीत हलालखोर आणि लालबेगी ही नावे छापलेली आहेत. १९०१ च्या अहवालाने मुस्लिम समाजाच्या तळाशी नोंदवलेली हीच ती नावे. म्हणजे हलालखोर ही अनुसूचित जात आहे, पण कलमा पढणारा हलालखोर अनुसूचित जातीचा नाही. तो तेच गटार साफ करतो, त्याच वस्तीत राहतो. त्याला कोणी जातीवरून शिवी दिली तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा त्याच्या उपयोगाचा नाही. याउलट जळगाव जिल्ह्यात यावल, रावेर, चोपड्याकडे सातपुड्याच्या पायथ्याशी राहणारे तडवी भिल्ल बघावेत. ते मुस्लिम आहेत आणि अनुसूचित जमातीतही आहेत, कारण जमातींच्या यादीला धर्माची अट नाही. तडव्यांना आरक्षण मिळाल्याने धर्मांतराची लाट आली नाही आणि आदिवासींचे आरक्षण बुडालेही नाही. छप्परबंदांचेही तसेच. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत त्यांच्यातले मुस्लिमही धरलेले आहेत. जे जमातींना आणि विमुक्तांना चालते ते जातींनाच का चालत नाही?

रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये हा तिसरा परिच्छेद काढून टाका अशी शिफारस केली. सदस्य-सचिवांनी भिन्न मत नोंदवले, पण आयोगाचा कौल स्पष्ट होता. सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून याचिका पडून आहे. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्राने शपथपत्र देऊन सांगितले, की इस्लाम आणि ख्रिस्ती समाजात तसा छळ आणि मागासलेपण नव्हते. त्याच्या महिनाभर आधी माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला, आणि त्याला मुदतवाढही मिळत गेली. सरकारला उत्तर आधीच ठाऊक असेल तर आयोग कशाला, आणि ठाऊक नसेल तर शपथपत्र कशाला? २०२२ च्या जुलैत भाजपच्या हैदराबादच्या बैठकीत पंतप्रधानांनी पक्षकार्यकर्त्यांना पसमांदा मुस्लिमांपर्यंत पोहोचायला सांगितले, त्याचे स्वागतच. पण पसमांदांबद्दलची आस्था खरी असेल तर तिची कसोटी तिसऱ्या परिच्छेदावर लागेल. आणि जमावाच्या मारहाणीत मेलेल्यांत, गोवंश कायद्याने धंदा बुडालेल्यांत कुरेशी, अन्सारी, फकीर हेच जास्त असतात, हे विसरून स्नेहयात्रा काढता येणार नाहीत.

एक आक्षेप मुस्लिम समाजातूनच येतो आणि तो प्रामाणिक आहे. चारी बाजूंनी हल्ला होत असताना आपल्यातली फूट चव्हाट्यावर का आणायची? या प्रश्नामागची भीती खरी आहे. पण एकजूट ही खालच्याने गप्प बसून राखायची असेल, तर ती फार काळ टिकत नाही. दुसरा आक्षेप हिंदू आणि बौद्ध दलितांचा: आमच्या तेवढ्याच भाकरीत वाटेकरी वाढतील. हा आक्षेपही हसण्यावारी नेता येणार नाही. त्याचे उत्तर म्हणून दलित मुस्लिम आणि ख्रिस्ती यांची संख्या मोजून अनुसूचित जातींचा एकूण वाटा त्या प्रमाणात वाढवावा. आधीच्यांचे कमी करून नव्यांना देऊ नये.

यात सगळ्यांत घातक ठरते ती ‘सर्व मुस्लिमांना आरक्षण’ ही घोषणा. ऐकायला ती जोरकस आहे, मोर्चात चालते, न्यायालयात पडते. महाराष्ट्रात जुलै २०१४ मध्ये आघाडी सरकारने निवडणुकीच्या तोंडावर मुस्लिमांना पाच टक्के आरक्षणाचा वटहुकूम काढला. त्यात पन्नास जमातींची यादी होती, पण गाजावाजा ‘मुस्लिम आरक्षण’ असाच झाला. उच्च न्यायालयाने नोव्हेंबरमध्ये नोकऱ्यांतील आरक्षण थांबवले, शिक्षणातले राहू दिले. मग नव्या सरकारने वटहुकूमच बाद होऊ दिला. आंध्र प्रदेशाचा अनुभव अधिक शिकवणारा आहे. तिथे सरसकट मुस्लिमांसाठीचे पाच टक्के न्यायालयाने फेटाळले. २००७ मध्ये सरकारने मागास मुस्लिम गट नावानिशी मोजून, आणि सय्यद, पठाण, मुघल, बोहरा, खोजा यांना स्पष्ट वगळून, चार टक्के दिले. उच्च न्यायालयाने २०१० मध्ये तेही रद्द केले, पण सर्वोच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशाने त्याचा लाभ सुरू राहिला. त्यातून हजारो मुले डॉक्टर-अभियंते झाली. जमातीचे नाव घेऊन मागितले तेव्हा पदरात पडले, धर्माचे नाव घेऊन मागितले तेव्हा सुटले.

समाजाच्या आतले काम मात्र कोणत्याही न्यायालयाच्या निकालाची वाट पाहत नाही. मशिदीच्या आणि दर्ग्याच्या विश्वस्त मंडळांवर, उर्दू शाळांच्या संस्थांवर, वक्फच्या कारभारावर कोणत्या जमातीचे लोक बसतात याची यादी प्रत्येक गावाने स्वतः करून पाहावी. जुम्म्याच्या खुतब्यात बिलालची गोष्ट सांगणाऱ्या इमामांनी सय्यद-पिंजारी निकाह स्वतः लावावा आणि तो लावल्याचे खुतब्यात सांगावे. जमातीबाहेर लग्न केलेल्या मुलामुलींना घरात घेणारी कुटुंबे आहेत. वधूवर मेळाव्यांनी त्यांना व्यासपीठावर बोलवावे.

आणि अगदी जवळ आलेले एक काम. २०२७ च्या जनगणनेत सर्व धर्मीयांची जात मोजली जाणार आहे. स्वतंत्र भारताच्या जनगणनेत पहिल्यांदाच मुस्लिमांच्या जमाती देशभर मोजण्याची ही संधी आहे. प्रगणक दारात आला की पुष्कळ घरांत जातीच्या प्रश्नाला ‘मुस्लिम’ एवढेच उत्तर दिले जाईल, कुठे लाजेने, कुठे धर्मप्रेमाने, कुठे इमामांच्या सांगण्यावरून. तसे उत्तर देऊ नका. मोमीन असाल तर मोमीन सांगा, बागवान असाल तर बागवान, पिंजारी, नदाफ, अत्तार, मण्यार, मुलाणी, शिकलगार, छप्परबंद, फकीर, मेहतर, हलालखोर जे असाल ते मोकळेपणाने सांगा आणि प्रगणकाने ते बरोबर लिहिले की नाही हे वाचून घ्या. शिकलेल्या मुलामुलींनी आपल्या मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्यांना आधीच भेटून हे समजावून ठेवावे.